माइक चार बोटं वर

“अरे बुवा, दात खाऊन काय होणार? उत्तर दे, उत्तर!” भांडुपचा सदाबुवा पेटीवरचे दोन्ही हात उचलून मंडपभर ओरडत होता, आणि समोर मांडी घालून बसलेला आमचा अनंता काहीच बोलत नव्हता. घाटकोपरला भटवाडीत सत्यनारायणाची पूजा होती, रविवारची दुपार होती आणि डबलबारी रंगात आली होती. ज्यांनी डबलबारी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा आम्हा कोकणातल्या माणसांचा भजनाचा आखाडा. समोरासमोर दोन बुवा, दोन पेट्या, पाठीमागे झांजा-पखवाज घेऊन आपापलं मंडळ. एकाने गाऊन डिवचायचं, पुराणातलं कोडं घालायचं, आणि आपली पाळी आली की दुसऱ्याने त्याची मस्ती उतरवायची. तोवर दुसऱ्याने गप बसून ऐकायचं. अनंता तसा बसला होता, तोंड घट्ट मिटून. आणि त्या मिटल्या तोंडातून त्याच्यासमोरच्या माइकमध्ये, माइकमधून चारी कर्ण्यांत आवाज आला... कर्रर्र. जात्यात खडा सापडावा तसा. सदाबुवाची पुढची ओळ घशातच राहिली. पाचशे माणसं चिडीचूप झाली. मी कायम पाचशेच सांगत आलोय. पन्नास खुर्च्या होत्या आणि मागच्या रांगा रिकाम्या होत्या, पण ते असू दे. मी मंडळाचा निवेदक. असली संधी मी सोडतोय होय? माइक ओढला आणि म्हटलं, “मंडळी, सदाबुवांना सांभाळा. आमचे बुवा अजून नुसते दातच खातायत.” मंडप कोसळायचा बाकी राहिला. अनंताने माझ्याकडे बघितलं आणि किंचित हसला. त्या हसण्याच्या जोरावर मी पुढची तीन वर्षं काढली.

अनंत परब गेला त्याला आता सहा आठवडे होतील. मला ऑफिसात फोन आला. मी तिथूनच मंडळातल्या तिघांना फोन करून कळवलं, आणि तिघांनीही मला शिव्या घातल्या. दिग्या, थट्टेलाही काही हद्द असते, म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. याच अनंताला थापा मारताना मी एकदा मालवणच्या बोटीतून समुद्रात पाडला होता, एकदा दुबईला पाठवला होता, आणि दोन्ही वेळा मंडळातल्या लोकांनी डोळ्यांत पाणी आणलं होतं. शेवटी मी आईची शपथ घेतली तेव्हा पखवाजवाला बाळा म्हणाला, रडतोयस का रे तू... मग फोन ठेवला त्याने.

आम्ही दोघे एकाच गावचे, एकाच वर्गातले. अनंताचे दात म्हणजे गावाची इस्टेट होती. पांढरे, रुंद, एकाला एक लागून. कुर्ल्यांचे डेंगे, म्हणजे खेकड्यांच्या नांग्या, आम्ही पाट्यावर ठेवून फोडायचो, हा दाताखाली धरायचा आणि टक् करून गर बाहेर काढायचा. हा माणूस दातांनी नारळ सोलतो असं मी मुंबईभर सांगितलं आहे, ते नारळ नव्हते. सुपारी होती. पण सुपारीला टाळ्या पडत नाहीत. मुंबईत आल्यावर तो साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लेथवर लागला, मी कारकून झालो, आणि रविवारी आम्ही भजन करायला लागलो. त्याचा आवाज असा की गजर सुरू झाला की असल्फ्याच्या डोंगरावरची कुत्री गप बसायची. हे जवळजवळ खरं आहे.

मग वर्कशॉपात एक दिवस लोखंडाचा ओतीव भाग उचलायला चौघे हवे होते आणि हजर दोघे होते. अनंताच्या कमरेत कट् झालं. मणक्यातली चकती सरकली म्हणाले. तीन आठवडे फळीवर झोपवला, कमरेला पट्टा दिला, आणि डॉक्टरने बजावलं की वजन उचलायचं नाही आणि जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही. चौथ्या आठवड्यात हा पट्ट्यावरून सदरा घालून तालमीला आला आणि पेटीपुढे मांडी घालून बसला. मी विचारलं, बरा आहेस ना रे? तो म्हणाला, झकास. विषय संपला.

आता खुर्चीत बसला असता तर काय बिघडलं असतं, असं तुम्ही म्हणाल. बिघडलं असतं, आणि त्याला कारण मीच. त्याच्या आदल्या वर्षी मुलुंडला एक म्हातारे बुवा गुडघ्यांच्या दुखण्यामुळे खुर्चीत बसून गायले होते, पेटी टेबलावर ठेवून. मी त्यांची नक्कल महिनाभर केली. ‘हेडक्लार्क बुवा’ असं नाव ठेवलं, शिक्के मारत गजर म्हणून दाखवला. त्या नकलेला सगळ्यात मोठ्याने हसायचा तो अनंता. जो माणूस मांडी घालू शकत नाही तो आमच्यात बुवा राहत नाही, आणि अनंताकडे बुवापण सोडून दुसरं काय होतं? आठवडाभर तेलकट कपड्यातला कामगार, रविवारी बुवा. लोक पाया पडायचे. ती जागा त्याला सोडायची नव्हती, एवढंच.

स्वतःची पाळी असली की तो कंबर विसरायचा. गाताना त्याला काही दुखत नसावं, किंवा दुखलेलं आवाजात मिसळून जात असावं. पण समोरचा गायला लागला की अर्धा अर्धा तास नुसतं बसायचं, हलायचं नाही, पाय बदलायचा नाही, कारण बुवाने बैठक मोडली की समोरचा त्याच्यावर लगेच गाणं रचतो. तेव्हा त्याचा जबडा मिटायचा. कानाखाली दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी उठायच्या आणि हलत राहायच्या. आणि तो आवाज... मंडपाला वाटायचं, बुवा संतापलेत.

मला तसं वाटत नव्हतं. मला माहीत नव्हतं असं इथे लिहिलं तर आयुष्यातली माझी सगळ्यात मोठी थाप ती होईल. बारी संपली की तो माझ्या खांद्याला धरून उठायचा. लोकांना वाटायचं, जिवलग मित्र. पण त्याचं सगळं वजन त्या चार बोटांत असायचं, आणि घरी येऊन सदरा काढला की माझ्या खांद्यावर चार निळे ठसे. खांद्याला कळत होतं. मी खांद्याशी बोलत नव्हतो.

मी बोलत होतो माइकवर. ‘दात खाणारे बुवा’ म्हणून अनंताचं नाव गाजलं. दिंडोशीहून सुपाऱ्या आल्या, बोरिवलीहून आल्या. लोक त्या आवाजाची वाट बघायचे, आला की शिट्ट्या मारायचे. समोरचे बुवा बिचकायला लागले. आणि एका बारीत आवाज नीट येत नव्हता, तेव्हा मी त्याच्यासमोरचा माइक चार बोटं वर केला. पेटीवरून सरळ जबड्यासमोर. सहज केल्यासारखं, वायर सोडवायच्या निमित्ताने. त्याने बघितलं. पुढच्या प्रत्येक बारीत मी तो तिथेच लावला आणि त्याने एकदाही खाली केला नाही.

दिंडोशीच्या बारीत पहिली दाढ गेली. पूर्ण नाही, टवका उडाला. त्याने रुमाल तोंडाला लावला, घडी केली, खिशात ठेवला आणि आपली पाळी गायला. परतताना बसमध्ये मला तो तुकडा दाखवला. तांदळाएवढा होता. मी म्हटलं, जपून ठेव, पुढे लोक तुझं मंदिर बांधतील तेव्हा त्यात पुरायला होईल. हसलो दोघेही. मग दुसरी दाढ उभी चिरली. खालचे पुढचे दात घासून घासून बुटके झाले, जणू कुणी कानस मारली. दोन्ही कानशिलं ठणकायची. सकाळी तोंड उघडायचं नाही, गरम पाण्याच्या फडक्याने शेकून हळूहळू उघडावं लागायचं. तोंडाला कायम लवंगेच्या तेलाचा वास. कुर्ल्या सोडल्या, मग भाकरी सोडली, मग भाकरी पेजेत कुस्करून खायला लागला.

त्याला दातांच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. घाटकोपर स्टेशनजवळ एक बाई होत्या, तरुण, नुकताच दवाखाना थाटलेला. त्यांनी त्याच्या तोंडात आरसा घातला, दोन्ही गालांत कापूस कोंबला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की यातला एकही दात किडलेला नाही. हे सगळे घासून झिजलेत, दाबून फुटलेत. आणि मग त्यांनी अनंतालाच विचारलं, “तुमचं दुसरं काही दुखतं का? पाठ, मान, काही?”

अनंताच्या तोंडात कापूस होता. त्याने माझ्याकडे बघितलं. आता विचार करतो तेव्हा ती नजर मला शंभर तऱ्हांनी दिसते. सांग, अशी. किंवा सांगू नकोस, अशी. तेव्हा मी विचार केला नाही, माझी जीभ सवयीने चालली. “दुखत कसलं, डॉक्टर. बुवा आहेत ते. राग येतो त्यांना.”

बाई हसल्या. रागावर नियंत्रण ठेवा म्हणाल्या, कोमट पाण्याने गुळण्या करा म्हणाल्या, दोन दाढा पुढच्या खेपेला काढू म्हणाल्या. खाली रस्त्यावर आल्यावर अनंताने माझ्या पाठीवर थाप मारली. “साल्या, तुझ्या तोंडाला कधी कुलूप लागायचं नाही,” म्हणाला. खुशीत म्हणाला, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो.

शेवटची बारी मुलुंडची. समोर तोच सदाबुवा, आणि तो त्या दिवशी थांबायलाच तयार नव्हता. कोड्यावर कोडं घालत चालला होता. अनंताच्या कपाळावरून घाम थेट पेटीच्या पट्ट्यांवर पडत होता. माइक जिथे मी लावला होता तिथेच होता. मध्येच कर्ण्यांतून टक् असा आवाज आला, कोरडा, मोठा, आणि अख्ख्या मंडपाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग त्याची पाळी आली. त्याने सूर धरला, तोंड उघडलं, आणि वरच्या पुढच्या दाताच्या जागी अर्धा सुळका दिसला. रामाचा गजर होता. प्रत्येक श्रीरामाला शीळ वाजायला लागली. पहिल्यांदा हसू आलं ते मागच्या रांगेत, मग पुढे आलं. तो तीन ओळी गायला. मग पेटीचा भाता मिटला, खटका लावला आणि दोन्ही हात पेटीवर ठेवून बसून राहिला. उठायला मी खांदा दिला. सदाबुवा स्वतः उठून आला आणि त्याच्या पाया पडला, हे मी वाढवून सांगत नाही.

त्यानंतर तो तालमीला आला नाही. कवळी करूया म्हटलं तर हं म्हणायचा. कंबरदुखीच्या गोळ्या मात्र वाढल्या होत्या, केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेल्या, पांढऱ्या आणि पिवळ्या. चावता येत नाही म्हणून खाणं नाही, आणि रिकाम्या पोटी गोळ्या. एका सकाळी रक्ताची उलटी झाली. इस्पितळात नेईपर्यंत गोळ्यांनी पोटात जखम होऊन भोक पडलेलं होतं. दोन दिवस होता. मी उशाशी बसून त्याला भांडुपच्या सदाबुवाच्या गमती सांगत होतो...

हल्ली मला गोष्ट सांगता येत नाही. सुरुवात करतो, माणसं पुढे सरकतात, आणि मला समोरच्याचा जबडा दिसायला लागतो. रेशनच्या रांगेत मी लोकांच्या कानाखाली बघतो. किती जणांच्या गाठी हलत असतात, तुम्हाला कल्पना नाही. बँकेतला शिपाई, दूध घालणारी बाई, आमचे साहेब. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला की मी खिडकी लावून घेतो. परवा बायकोने मला विचारलं, पेपर वाचताना दात का दाबून बसता हो? मी म्हटलं, कुठे काय.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो. अनंताची बायको, सुमनवहिनी. जमिनीवर बसून कुळीथ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. खांदा, माइक, दवाखाना, बाईंनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. जन्मात पहिल्यांदा काही न वाढवता सांगितलं, तर पाच मिनिटांत संपलं. मग त्यांना म्हटलं, वहिनी, बोला काहीतरी, शिव्या घाला. त्यांचा हात सुपात चालूच होता. मग म्हणाल्या, घरात झोपेतय तसेच दात खायत.

“मी जंताचा औषध देत होतंय त्यांका. वरीसभर. गप पियत.”