आम्ही सगळे एक जूनचे

किस्से काही कुणी जमवायला जात नाही. दाराआड जुन्या चपला साचतात ना, तसे ते साचतात. टाकवत नाहीत, आणि घालून कुठं जाताही येत नाही. दिल्लीतल्या द्वारकेत आमच्या सोसायटीच्या बागेत एक बाक आहे. तिथं रोज सकाळी आम्ही तिघं बसतो: मी, पवार आणि कांबळे. पूर्वी चौघं होतो, जाधव गेला. सगळे फौजेतून रिटायर, सगळे मुलांच्या फ्लॅटमध्ये, आणि सगळ्यांचा वाढदिवस एक जून! दिल्लीवाल्यांना वाटतं आम्ही थापा मारतो. हसायचं तर हसा, पण आधी ऐका.

*

आमच्या वेळी गावात जन्माचा दाखला वगैरे भानगड नव्हती. शाळेत पोराला उभं करायचं आणि उजवा हात डोक्यावरनं घेऊन डावा कान धरायला लावायचा. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं, घ्या पहिलीत! तारीख? शाळा जूनला सुरू होते, म्हणून सरसकट एक जून.

माझा हात काही कानापर्यंत जाईना. गुरुजी म्हणाले, "बाई, पुढल्या वर्षी आणा."

आईला रानात जायचं होतं. मला कुठंतरी अडकवल्याशिवाय तिला जाता येईना. ती म्हणाली, "गुरुजी, हात बरोबर हाय त्याचा, डोस्कंच मोठं हाय!"

घेतलं त्यांनी. चौथीनंतर मी शाळा सोडली तेव्हा तेच गुरुजी म्हणाले, "डोकं मोठं होतं खरं, पण आत..."

पुढचं बोलले नाहीत. शहाणा माणूस.

*

फौजेत मी लंगरात होतो, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात. पवार आमच्याच कंपनीत. एकदा नवे कॅप्टन आले, कोवळं पोरगं, पंजाबी. त्यांना हौस, ज्याचा वाढदिवस त्याला सकाळी बोलावून शाबासकी द्यायची. एक जून उजाडला आणि अर्धी कंपनी दारात उभी!

कॅप्टननी बोटांवर मागं महिने मोजले. मग म्हणाले, "अरे, तुम्हारे गाँव में सितंबर में होता क्या है?"

पवारनं पाय आपटून सॅल्यूट ठोकला. "साब, बारिश! बाहर निकलने का सवाल ही नहीं!"

साहेब हसून हसून खुर्चीत बसले. हुकूम सुटला, सगळ्यांना शिरा! आणि तो ढवळला कुणी? ज्याचा वाढदिवस, त्यानंच!

*

माझी सून स्नेहा दिल्लीतच वाढलेली. गुडगावला ऑफिस. मनानं चांगली आहे, पण फोन हातातून सुटत नाही. मागं एकदा रविवारी तिघांना चहा द्यायला खाली आली आणि म्हणाली, "पप्पा, सुनो ना, तुम्ही लोक जेमिनी आहात. मिथुन रास. तुमचं सिंबल जुळी माणसं, रत्न मोती, फूल गुलाब. आणि स्वभाव एकदम गोड! सगळ्यांशी हसून बोलणार!"

कांबळेनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चहा सांडला.

"आज काय लिहिलंय?" पवारनं विचारलं.

"लांबचा प्रवास. आणि जुन्या प्रेमाची भेट."

कांबळेच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. तो म्हणाला, "बेटा, मी दुधाच्या बूथपर्यंत जाऊन येतो. तिथं कुणी भेटली तर कळवतो."

मग स्नेहानं वाचलं की एक फार गाजलेली विलायती नटीसुद्धा एक जूनचीच. फोटो दाखवला. पवारनं चष्मा पुसून, नीट निरखून बघितला.

"हिचे पण गुरुजी आपलेच असणार!"

*

त्या जेमिनीवरनं माझा लेक इरेला पेटला. म्हणे, पप्पा सारखे चिडतात, पत्रिका दाखवू. सेक्टरातल्या मंदिरात नेलं मला. पंडितजींनी लॅपटॉप उघडला.

"बाबूजी, जन्मतिथि?"

म्हटलं, "कागज वाली झूठी है, वो छोड़ो. माँ बोलती थी, मैं हुआ तब ज्वार में दाना भर रहा था."

"समय?"

"ढोर चरने छोड़ते हैं, वो टाइम."

पंडितजींनी लॅपटॉपवर दोनचार बटणं दाबून बघितली. मग हात जोडून म्हणाले, "बाबूजी, इसमें ज्वार का ऑप्शन नहीं है."

लेकाला हसू आवरेना. मला नाही आलं हसू. ज्वारी हुरड्यात म्हणजे कडाक्याची थंडी. म्हणजे मी जूनचा नाहीच! इतकी वर्षं मला जे 'हॅपी बर्थडे' करतात ते दुसऱ्याच कुणाला तरी करतात, आणि मी मध्येच उभा राहून घेतो.

मला केक नको, मोती नको. आईनं पहिल्यांदा मला कुशीत घेतलं तो दिवस कुठला, एवढंच एकदा कळलं पाहिजे. त्या दिवशी सकाळी उठून आंघोळ करीन, देवापुढं गूळ ठेवीन, बस. मरायच्या आधी एकदा.

आई गेली, आबा गेले. सुईण तर कधीच गेली. उरली माझी थोरली बहीण, अक्का. कराडकडं गावी असते. मी झालो तेव्हा ती घरातच होती, चांगली कळती होती. पण गावी गेलो की तिच्या हातची भाकरी खायची, चार गोष्टी करायच्या आणि परतीची गाडी धरायची. अक्का कुठं पळून चाललीय, पुढल्या खेपेला विचारू, असं वाटायचं.

*

सोसायटीच्या सेक्रेटरी मॅडम बंगाली आहेत. त्यांनीच पद्धत पाडली, एक जूनला एकच केक आणि वर चौघांची नावं. बागेत ठेवायचा. दिल्लीचा जून! मेणबत्ती लावेस्तोवर क्रीम वितळून पवार कांबळेत मिसळायचा आणि जाधव पार कडेला ओघळायचा.

जाधव थंडीत गेला. पुढल्या जूनला केक आला, तर बेकरीवाल्यानं सवयीनं चारही नावं लिहिलेली! मॅडमचा चेहरा पडला. "सॉरी, सॉरी अंकल," म्हणत त्या सुरीनं जाधवचं नाव खरवडायला लागल्या.

कांबळेनं त्यांचा हात धरला.

"रहने दो मैडम. छुट्टी पे गया है."

*

यंदाच्या एक जूनला मी स्नेहाला म्हटलं, "अक्काला व्हिडिओ लाव."

तिकडं भाच्याच्या बायकोनं फोन धरला. "मामा, आईंना हल्ली कुणाची ओळख पटत नाही. वाईट वाटून घेऊ नका हं."

अक्का पडवीत भिंतीला टेकून बसली होती. वाळून एवढीशी झालेली. डोळे बारीक करून माझ्याकडं बघत राहिली.

मी म्हटलं, "अक्का, मी बबन. मला एवढंच सांग, मी कधी झालो गं? कुठला दिवस होता?"

ती सावरून बसली. इकडंतिकडं बघितलं. बोलली तेव्हा आवाज बारीक झालेला, लहान पोरीसारखा.

"आबा, आत येऊ नगा. सुईन म्हनली, अजून येळ हाय. आई लई कण्हतीया."

"बघा ना मामा, असंच काहीतरी बोलतात," म्हणत भाचेसून फोन काढून घ्यायला लागली.

मी ओरडलो, "राहू दे तिच्यासमोर!"

अक्का माझ्याकडंच बघत होती. मी आवाज खाली आणला. म्हटलं, "बरं पोरी, नाही येत आत. आज वार कुठला गं?"

"वार काय इचारताय आबा!" अक्का माझ्यावर खेकसली. "आधी पानी तापवा!"

बाहेर लूच्या गरम झळा सुटलेल्या. घरात दोन्ही एसी चालू. स्नेहा माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि घरातलं सगळ्यात मोठं पातेलं भरून गॅसवर ठेवलं.