घरी कळवू नका

कोसोव्होचं पोस्टिंग आलं तेव्हा मी लंडनजवळच्या इल्फर्डला आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "तिथे आपलं कोणी आहे का रे?" मी म्हटलं, "आई, मी बंदोबस्ताला चाललोय, लग्नाला नाही." तिथे आपलं कोणी असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दोन हजारच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. मी ब्रिटिश आर्मीत सिग्नलर होतो, रँक लान्स कॉर्पोरल, आडनाव जाधव. दहा वर्षांचा असताना साताऱ्याहून इल्फर्डला आलो, त्यामुळे मराठी शाबूत होतं. कोसोव्होतली लढाई संपलेली होती, पण त्या प्रदेशाला स्वतःचं सरकार नव्हतं. कारभार आंतरराष्ट्रीय प्रशासन चालवत होतं आणि बंदोबस्त आमच्यासारख्या पलटणी करत होत्या.

माझा दिवस ठरलेला असे. ०५३० ला उठायचं, ०६०० ते १४०० रेडिओवर बसायचं, मग जेवण, मग बूट आणि रायफल. सोमवारी मळक्या कपड्यांची पिशवी कॅम्पच्या लाँड्रीत टाकायची. लाँड्री एका ठेकेदाराची होती आणि कामाला बाहेरदेशची माणसं होती. पहिल्याच सोमवारी काउंटरपलीकडच्या माणसाने माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि विचारलं, "जाधव म्हंजे कुठलं?"

ते रघुनाथ शेडगे, कोरेगावजवळच्या एका खेड्यातले. वय पन्नाशीच्या आसपास, दम्याचा त्रास. मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला, निम्म्या वयाच्या पोराला, साहेब म्हणायचे. कितीदा सांगितलं तरी ऐकलं नाही. माझी पिशवी एक्केचाळीस नंबरची. तिच्यावरच्या चिठ्ठीवर ते मराठीत "४१" लिहायचे आणि शर्ट असे घडी घालायचे की कॉलर आतल्या बाजूला राहील. मुलीचं, सुनंदाचं, लग्न ठरलं होतं. मे महिन्यात करार संपला की घरी जाऊन मांडव घालायचा, एवढाच त्यांचा विषय. मी त्यांची खूप थट्टा करायचो. सासरेबुवा म्हटलं की लाजायचे.

फेब्रुवारीत एका मंगळवारी, १४१० ला, मला गार्डरूममधून बोलावणं आलं. शेडगेकाका बाकावर बसलेले होते. गावातल्या शिंप्याकडे चेन दुरुस्तीला न्यायला कोणीतरी दिलेलं जॅकेट त्यांच्या पिशवीत होतं आणि त्याच्या खिशात एका सैनिकाचं ओळखपत्र निघालं. जॅकेटवाला रजेवर गेलेला. काकांचा स्वतःचा पासपोर्ट ठेकेदाराच्या कपाटात. गेटवरच्या पहारेकऱ्याने नियमाप्रमाणे अडवलं होतं, त्यात त्याची चूक नव्हती.

आता त्यांना प्रशासनाच्या पोलिसांकडे द्यायचं होतं. त्याआधी परदेशी नागरिकाला त्याचे हक्क त्याच्या भाषेत सांगायचे आणि फॉर्मवर खुणा करायच्या, अशी पद्धत होती. सार्जंटने फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"रीड इट टू हिम. क्विक अ‍ॅज यू कॅन."

गप्प राहायचा हक्क, वकिलाचा हक्क, दुभाष्याचा हक्क, हे मी सांगितलं. शेवटची ओळ होती, स्वतःच्या देशाच्या प्रतिनिधीला कळवायचं का? कोसोव्होत भारताची कचेरी नव्हती. सर्वांत जवळची दुसऱ्या देशात होती. मी विचारलं, "काका, आपल्या सरकारला कळवायचं का?"

काकांचा चेहरा उतरला.

"नगा साहेब. सरकार म्हंजे पोलीस घरी जाणार. अख्ख्या गावाला कळंल. पोरीचं लगीन ठरलंय, सोयरे मागं फिरतील. पाया पडतो, घरी कळवू नगा."

मला हे लगेच समजलं, हाच माझा गुन्हा आहे. आमच्याच घरात हे मी पाहिलं होतं. वडिलांची इल्फर्डमधली नोकरी गेली तेव्हा सात महिने साताऱ्याला कोणालाही कळू दिलं नव्हतं. रविवारच्या फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणायची आम्हा भावंडांना सक्त ताकीद होती. आपल्या माणसाची लाज झाकायची असते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. गार्डरूममध्ये त्या क्षणी दुसरा कोणताही दुभाष्या असता तर त्याने विचारलं असतं, का नको? मी विचारलं नाही. वकिलातीतला माणूस म्हणजे कोरेगावचा हवालदार नव्हे, हे सांगायला एक मिनिट पुरलं असतं. मला वाटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

"यस ऑर नो, कॉर्पोरल?"

"नो, सार्ज."

खूण मी केली आणि त्यांनी खाली सही केली. जीपमध्ये बसताना ते म्हणाले, "साहेब, उपकार झाले." त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

शुक्रवारी ०७४० ला मी रेडिओवर होतो. सकाळची गस्तीची तुकडी कॅम्पकडे येणाऱ्या रस्त्यावर होती. रेडिओवर तिचं नाव टू-वन, आमचं झीरो.

"झीरो, धिस इज टू-वन. वन मेल, रोडसाइड, इन द स्नो. डेड. ओव्हर."

"टू-वन, झीरो. रॉजर. एनी आयडी? ओव्हर."

"निगेटिव्ह. एशियन, अबाउट फिफ्टी. वेअरिंग अ कॅम्प लाँड्री जॅकेट. ओव्हर."

मी लॉगमध्ये वेळ लिहिली. अक्षर नीट आलं होतं, हे मला अजून आठवतं आणि त्याचा राग येतो.

नंतर सगळं कळलं. जॅकेटवाला रजेवरून परतला, त्याने खरं काय ते सांगितलं आणि गुरुवारी १६०० ला शहरातल्या कोठडीतून काकांना सोडून दिलं. ठेकेदाराने त्यांचं नाव आधीच काढून टाकलं होतं. पासपोर्ट नाही, भाषा येत नाही, बाहेर बर्फ. कॅम्प वीस-बावीस किलोमीटर. दम्याचा माणूस चालत निघाला.

आमच्या लीगल ऑफिसर कॅप्टनबाई फॉर्म हातात घेऊन माझ्याशी बोलल्या. रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "यात 'यस' असतं तर फाइल माझ्याकडे आली असती. मग सुटताना त्याला घ्यायला कोणीतरी जाणं बंधनकारक होतं. मी गाडी पाठवली असती." फॉर्म फाइलीत ठेवत म्हणाल्या, "यू डिड व्हॉट ही आस्क्ड." ते वाक्य त्यांनी माझ्या समाधानासाठी म्हटलं होतं. माझं समाधान झालं नाही.

शनिवारी माझी कपड्यांची पिशवी आली. मंगळवारी सकाळीच धुऊन ठेवलेली. वर चिठ्ठी, ४१. शर्टांच्या कॉलर आत.

वर्षभराने आमची पलटण इंग्लंडला परतली होती. एका रविवारी आईचा बराकीत फोन आला. "भारतातून एका मुलीचा फोन होता. वडिलांच्या डायरीत आपला नंबर मिळाला म्हणते." मी सुनंदाला फोन केला. ती फार हळू बोलत होती.

"आम्हाला अकरा दिवसांनी कळलं, दादा. तुम्ही होतात ना तिथे? बाबांनी आम्हाला कळवा असं कुणाला सांगितलं नाही का?"

मी म्हटलं, "सांगायला वेळच मिळाला नाही, ताई."

"मग बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या लग्नापायी गप्प बसले की काय."

तिचं लग्न झालं होतं. मी फोन ठेवला आणि मागच्या भिंतीशी जाऊन रडलो.

आता मी मिल्टन कीन्सला असतो. फौज सोडली, आयटीत नोकरी करतो, गोल चौकांतून गाडी हाकतो. बर्फ पडला की रस्त्याच्या कडेला एक माणूस चालताना दिसतो. मी गाडी थांबवतो. कुत्रा फिरवणारा कोणी इंग्रज असतो, तो म्हणतो, "यू ऑलराइट, मेट?" मी "यस" म्हणतो आणि पुढे जातो. एक शर्ट मी कधीच उलगडलेला नाही. माळ्यावर आहे, कॉलर आत, चिठ्ठीसकट.

दर नोव्हेंबरात रिमेंबरन्स संडेला मी पदकं लावून स्मारकापाशी उभा राहतो. अकरा वाजता दोन मिनिटं शांतता. आमच्या पलटणीतले जे गेले त्यांची नावं वाचली जातात, आणि ती वाचलीच पाहिजेत. रघुनाथ शेडगे हे नाव कुठल्याच यादीत नाही. ते सैनिक नव्हते, त्या प्रदेशाचे नागरिक नव्हते, आणि ज्या देशाचे होते त्याला मी कळवलं नाही. त्या दोन मिनिटांत मी त्यांचं नाव ओठातल्या ओठात म्हणतो.

सुनंदाताई, हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. फोनवर मी खोटं बोललो. वेळ होता. ते तुमच्या लग्नासाठीच गप्प बसले, आणि मी त्यांना बसू दिलं. "नो" वरची खूण माझ्या हातची आहे. इतकी वर्षं मी त्यांचा शब्द पाळतोय अशी स्वतःची समजूत घालत होतो.

शेडगेकाका, माफ करा. आज घरी कळवतोय.