रात्रीची कॅप्सूल

"मॅडम, आकडा अजून खाली गेला!" पंकजने रिपोर्ट माझ्या टेबलावर आपटलाच. "दोन आठवडे गोळ्या चालू आहेत. मग हे काय?"

पंकज खांडबाऱ्याचा कापडवाला. राजस्थानातून आलेलं जैन घर, तीन पिढ्या खांडबाऱ्यातच. शेजारच्या खुर्चीत त्याची बायको खुशबू, आठवा आठवडा. आधीची दोन्ही गर्भारपणं तिसऱ्या महिन्याच्या आत संपलेली. आणि आज सकाळपासून लाल डाग वाढले होते. हे तिसरं तरी टिकावं, एवढंच दोघांना हवं होतं. मलाही.

रिपोर्ट प्रोजेस्टेरॉनचा होता. गर्भाशयाच्या आतलं अस्तर धरून ठेवणारं हे हार्मोन. ते कमी असलं की लोक घाबरतात. पण कधी कधी उलटं असतं. गर्भच अशक्त असतो, म्हणून हार्मोन कमी दिसतं. शिवाय आकडा दिवसभरात वरखाली होतो. म्हणून मी ही तपासणी सहसा सांगत नाही. पंकजने ती परस्पर करून आणली होती, तीही दोनदा. मी कॅप्सूल सुरू केली होती ती आधीचे दोन गर्भपात आणि चालू डाग बघून. रोज रात्री एक. कारण ती घेतली की गुंगी येते, दिवसा घेतली तर बाई स्वयंपाक करता करता पडायची.

आधी सोनोग्राफी केली. ठोके होते. जरा हळू होते, पण होते. मी दोघांना तेवढंच सांगितलं.

"हळू म्हणजे?" पंकजचा आवाज चढला. "इंजेक्शन द्या ना मग! नाहीतर आजच सुरतला नेतो. मामांच्या ओळखीचे मोठे डॉक्टर आहेत."

"खुशाल न्या." माझा पारा चढायला वेळ लागत नाही, सगळ्या नंदुरबारला माहीत आहे. "तिथेही पहिला प्रश्न हाच येईल. औषध नीट घेतलं का?"

"घेतलं म्हणजे? रोज रात्री मी स्वतः कॅप्सूल आणि पाण्याचा पेला उशाशी ठेवतो. घेतलीस का विचारतो. ती हो म्हणते."

खुशबू ओढणीचं टोक पिळत बसली होती. मी केसपेपर पुढे ओढला आणि डोस दुप्पट लिहायला सुरुवातसुद्धा केली. खोटं कशाला बोलू, लिहीत होते. तेवढ्यात मान वर केली तर खुशबूच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ती नवऱ्याकडे नाही, माझ्या पेनाकडे बघत होती.

"पंकजभाऊ, जरा बाहेर बसा."

"पण मॅडम..."

"बाहेर!"

दार लागलं. आमच्या मंगला सिस्टर तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "रडू नको वं बेन," त्या म्हणाल्या. "खरं सांगी दे. मॅडम काय मारतीन का तुले?"

खुशबूने पर्समधून दागिन्यांची डबी काढली. डबीत कॅप्सूल होत्या. मी मोजल्या नाहीत, गरजच नव्हती.

"चौमासा चालू आहे ना मॅडम," ती म्हणाली. "मी चौविहारचं पच्चक्खाण घेतलंय, म्हणजे व्रताची शपथ. चार महिने. सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही."

"अगं, मग मला सांगायचं ना! वेळ बदलून दिली असती!"

"तुम्ही मोडायला लावलं असतं." मग अगदी हळू म्हणाली, "मी ते बाळासाठीच घेतलंय. या वेळी राहू दे म्हणून."

मला राग आला होता, पण तिचा नाही. माझा. दवाखान्याच्या गल्लीत निम्मी दुकानं जैनांची आहेत. चौमाशात ती मंडळी सहाला ताटावरून उठतात, मी रोज बघते. आणि मी बिनधास्त लिहून दिलं, "रात्री झोपताना."

मी केसपेपर फाडला. नवा घेतला. हेच औषध योनीमार्गातूनही देता येतं, सकाळी आणि संध्याकाळी, आणि डाग असताना ते जास्त बरं. गुंगीही कमी. तिला सगळं समजावलं.

"तोंडातून काही जाणार नाही?"

"नाही."

"मग मोडत नाही ना?"

"ते तुमच्या साध्वीजींना विचार. मी आपली बाळंतपणाची डॉक्टर. पण मोडत असेल तर पाप माझ्या नावावर लाव."

पहिल्यांदा ती किंचित हसली.

पंकजला आत बोलावून सांगितलं. तो खाली बसला. डबी उघडून आतल्या कॅप्सूल बघितल्या. "सहाला आम्ही एका पंगतीत जेवतो मॅडम," तो म्हणाला. "ती चौविहार करते हे मला माहीत होतं. आणि तरी रोज रात्री पेला भरून ठेवत होतो."

सुरतचं नाव पुन्हा निघालं नाही. पण पुढचे आठ दिवस वाईट गेले. मी आधीच बजावलं होतं, औषध घेतलं म्हणजे बाळ राहीलच अशी गॅरंटी नाही. पंकजचा फोन आला की मी आधी डागांचंच विचारायचे. पाचव्या दिवशी डाग थांबले. आठव्या दिवशी स्क्रीनवर ठोके बघितले, चांगले पळत होते. मंगला सिस्टर माझ्याआधी रडल्या.

नऊ महिने भरून मुलगी झाली. औषधाने टिकली की टिकणारच होती, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून सावध राहा.

आता मी प्रत्येक बाईला विचारते, उपास कोणते, रात्री पाणी पितेस का. आणि तुम्हालाही सांगते. प्रोजेस्टेरॉनचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जाल तेव्हा आकडा सांगायची घाई करू नका, तो कागदावर छापलेलाच असतो. घेतली नसलेली गोळी आधी सांगा. डॉक्टर ओरडतील. ओरडू द्या. मीसुद्धा ओरडलेच असते, पण चौदा दिवस आधी.