फोटोचं पान

दर्यापूरजवळच्या तलावावर आम्ही गळ टाकून बसायचो, तेव्हा काका एक डोळा पाण्यावर ठेवून मासेमारीचं मासिक मोठ्यानं वाचत. मधे कोणी बोललं की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करत. पुढे आम्ही सगळे मोबाइलवर व्हिडिओ पाहायला लागलो आणि ते मनातल्या मनात वाचू लागले. मासिक बंद पडलं, हेही आम्हाला फार उशिरा कळलं.

परवा माझ्या गळाला एक रोहू लागला. पिशवी नव्हती. काकांनी जुन्या अंकाचं पान फाडून दिलं.

"काका, याच्यात त तुमचाच फोटो हाय."

"कोन वाचते आता? मासा त बांधता येते."

घरी येऊन पुडकं सोडलं. फोटोतल्या काकांच्या चेहऱ्यावर खवले चिकटले होते. मी मोबाइल काढला आणि माशाचा फोटो घेतला.