वसुधाताईंचा मंगळवार

डिचोलीच्या बसस्टँडवर मी मुळगावच्या बसची वाट पाहत होते. म्हापशाहून आलेल्या गाडीचा कंडक्टर खाली उतरला आणि सरळ माझ्याकडे आला. "तुमची पेडण्याची बाय गेली गो... काल सकाळी. छातीत कळ आयली, हॉस्पिटलात पावच्या आदींच सोंपलें." बाय म्हणजे आमच्या वसुधाताई; दर मंगळवारी त्याच्याच गाडीने यायच्या. मी त्याला काय बोलले ते आठवत नाही. आठवते ती एकच धास्ती... आता माझं दुखणं खरं कोण मानणार?

त्याला काही आठवडे झाले. धास्ती अजून उतरलेली नाही.

वसुधाताई ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या, म्हणजे दुखऱ्या माणसाला रोजची कामं पुन्हा झेपतील असं शिकवणाऱ्या. गोवा घटकराज्य होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा पणजीच्या डॉक्टरांनी माझ्या दुखण्याला फायब्रोमायल्जिया हे नाव दिलं आणि मला त्यांच्याकडे पाठवलं. तोवर रोज सकाळी कुणी रात्रभर ठेचून काढल्यासारखी मी उठत होते. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ, आणि म्हणूनच घरच्यांच्या लेखी मी सोंगाडी. मुलीला इथे ठेवून मला माहेरी पाठवायचं, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. नवरा खाणीच्या ट्रकवर. संध्याकाळी येई आणि गप्प बसे. सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा मला त्या गप्प बसण्याची भीती वाटे.

ताई घरी आल्या आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसल्या. सकाळभर त्यांनी मला काम करताना नुसतं पाहिलं... विहिरीवरून भरलेली कळशी, वाकून काढलेला केर, विळीवरचा नारळ. सासूबाई दारात उभ्या होत्या. न राहवून म्हणाल्या, "इतकें दुखता तर दिसना कित्याक?"

"मांय, भूक लागता ती तरी खंय दिसता?" ताई म्हणाल्या.

सासूबाई तडक परसात निघून गेल्या. मला वाटलं, संपलं, आजच बोचकं बांधावं लागणार. त्या परत आल्या त्या ताईंसाठी शहाळं घेऊन.

मग कळशी लहान झाली, विळी खालून वर टेबलावर आली, केर आणि कपडे वेगवेगळ्या दिवशी गेले. सगळ्यात कठीण होतं ते थांबणं. "बरं वाटतं त्या दिवशीच तू स्वतःला मोडून घेतेस," ताई म्हणायच्या. "दमायच्या आधी बस." दुखणं गेलं नाही. पण मी घरात राहिले, आणि माझी मुलगी माझ्याजवळ वाढली.

पुढे दर मंगळवारी त्या डिचोलीत एका भाड्याच्या खोलीत आम्हाला जमवू लागल्या. कारापूर, साखळी, कुठून कुठून बायका येत. शेवटच्या मंगळवारी जिना चढून त्या बराच वेळ दाराला धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "ताई, डॉक्टरांना दाखवा." "शनिवारी वयतां गो डॉक्टराकडे," म्हणाल्या, आणि हसल्या.

त्या गेल्यानंतरच्या मंगळवारी कुणी कुणाला निरोप दिला नव्हता, तरी सगळ्या आल्या. बसलो. खोली किती दिवस राहील, पणजीहून दुसरं कुणी पाठवतील का... कुणालाच माहीत नव्हतं. अजूनही नाही.

तेवढ्यात लाटंबार्सेची एक तरुण बाई भावाबरोबर दारात आली. ताईंनीच तिला हा मंगळवार दिला होता. "बाय खंय?" तिने विचारलं. सांगणं माझ्यावर आलं. भाऊ लगेच म्हणाला, "चल मगे, बस चुकतली." ती वळली, आणि वळताना तिने जिन्याचा कठडा ज्या तऱ्हेने धरला ते मी ओळखलं; दुखऱ्या दिवशी मीही तसाच धरते. मी काही शिकलेली नाही, चुकले तर हिचं काय होईल?

"बस गो मातशी, जरा टेक," मी म्हटलं. "सकाळी उठताना पयलें खंय दुखता?"

तिने भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे भरून आले तिचे. बसायला जागा शोधत ती खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीपाशी गेली. ती ताईंची खुर्ची. आम्ही कुणीच तिच्यावर बसलो नव्हतो. ती बसली, पाठ टेकली आणि सांगायला लागली.

तिला कुणी उठवलं नाही.