गुडघ्यासाठी बोललेला नवस

त्या दिवसांत कुणी मला विचारलं असतं, तुमचा देवावर विश्वास आहे का, तर मी आधी टेकायला खुर्ची मागितली असती. खुर्ची मिळाल्यावर पुन्हा उठून उभी राहिले असते. बसवत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. डावा गुडघा आतून कुणीतरी पिळल्यासारखा ठणकायचा. भिसेगावातल्या आमच्या घरात मी दिवसभर ओटा ते खिडकी, खिडकी ते पलंग अशा फेऱ्या मारायची. हे म्हणायचे, "अगं, एका जागी बस ना जरा!" जणू मी हौसेनंच फिरत होते.

एरवी मी हे दुखणं रेटून नेलं असतं, पण लेकीचं लग्न ठरलं होतं. कन्यादानाला आईबापांनी पाटावर मांडी घालून बसायचं, ही आमच्या घरची रीत. माझी मांडी तर केव्हाच मोडीत निघाली होती. मी दबकत खुर्चीचा विषय काढला, तर सासूबाई म्हणाल्या, "खुर्चीवर बसून कन्यादान? लग्न हाय का सिनेमा गं?" सासूबाई अजून ओणव्यानं अंगण सारवतात. त्यांच्यासमोर गुडघ्याचं रडगाणं गायला माझी मलाच लाज वाटायची. मग घरात तोडगा निघाला, की आईला बसता येत नसेल तर काकूनं बसावं. जाऊबाई स्वभावानं सोन्यासारख्या आहेत. तरी त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. नऊ महिने पोटात मी वाढवली आणि तिच्या हातावर पाणी सोडणार दुसरंच कुणी?

मग मी गुडघ्याच्या मागेच लागले. आमच्याकडे बायकांचा गुडघा चाळिशीनंतर दुखणारच, हे इतकं गृहीत असतं की दुसरा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. निगडीचा, म्हणजे निर्गुंडीचा, पाला गरम करून बांधला. तेलं चोळली. बाजारात मिळणारा पट्टा चढवला. गुडघ्याचा एक्स-रे काढला, तर डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं थोडी झीज आहे, बाकी फार काही नाही. फार काही नसताना एवढं दुखतं, म्हणजे मी नाटकी तरी असले पाहिजे नाहीतर पापी तरी, असं मी ठरवून टाकलं. आणि महडच्या वरदविनायकाला नवस बोलले: बाबा, माझा हा गुडघा बरा कर, मला पाटावर बसू दे. देवाला नीट कळावं म्हणून गुडघ्यावर हात ठेवून बोलले. म्हणजे जागेचा घोटाळा नको!

पण आठवडे गेले तरी गुडघा काही ऐकेना, तेव्हा चतुर्थीला मीच महडला निघाले. ह्यांच्या मोटारसायकलवर पाय टाकता येईना म्हणून रिक्षा केली. देवळाबाहेर चपला काढायची वेळ आली आणि मी तिथंच अडकले. पायरीवर बसून सँडलच्या पट्ट्यापर्यंत हात काही पोचेना. हे नारळ आणायला गेले होते. शेजारी माझ्याच वयाची, काठी घेतलेली एक बाई बसली होती. तिनं काही न विचारता वाकून माझा पट्टा सोडला.

"गुडघा हो," मी ओशाळून म्हटलं.

"गुडघा कुठला?" ती म्हणाली. "वाकतोय की चांगला. हा पाय उचलून त्या मांडीवर ठेवा बरं."

मी प्रयत्न केला. पाय अर्ध्यावरच थांबला आणि जांघेत कळ आली.

"बघा! खुबा हाय तुमचा. माझंबी असंच झालं. गुडघा चोळून चोळून कातडं गेलं, नि बिघाड वरच्या सांध्यात. हाडाच्या डॉक्टरला खुबा दाखवा, ताई."

खरं सांगते, मला राग आला. देवाच्या दारात आले, तर ही माझी तपासणी काय घेते! तणतणतच मी गाभाऱ्यात गेले. पाठ केलेलं मागणं म्हणायला गेले, "बाबा, माझा हा..." आणि पुढचा शब्द फुटेना. गुडघा म्हणू की खुबा? देवासमोर इतकी गोंधळलेली मी कधीच नव्हते. शेवटी एवढंच म्हटलं, "मला कळत नाही रं बाबा. तूच बघ." आणि मागच्या बायका ढकलतायत म्हणून बाहेर आले.

अशा गोष्टींत ती बाई नंतर दिसेनाशी होते. ही तशी झाली नाही. ती बाहेर वडापाव खात उभी होती. लांबूनच ओरडली, "दाखवा हां नक्की!"

दाखवला. हाडाच्या डॉक्टरांनी मला उताणं झोपवून पाय नुसता आतल्या बाजूला वळवला आणि मी अशी किंचाळले की बाहेर बसलेले हे उठून आत आले. कमरेचा एक्स-रे काढला. खुब्याच्या सांध्यात दोन हाडांमध्ये कूर्चेची गादी असते, ती डावीकडे झिजून हाडाला हाड लागत आलं होतं. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, कारण दोन्हीकडच्या नसा एकमेकींशी जोडलेल्या असतात, असं त्यांनी समजावलं. दुखऱ्या बाजूच्या उलट, म्हणजे उजव्या हातात काठी धरायची, मांडीचे व्यायाम करायचे, वजन उतरवायचं, गोळ्या गरजेपुरत्याच. पुढे कधीतरी सांधा बदलावा लागेल, पण आज घाई नाही. मग त्यांनी चष्मा काढून सांगितलं, "आणि जमिनीवर मांडी घालून बसणं मात्र बंद."

जे मागायला गेले होते, नेमकं तेच नाकारलं गेलं. घरी आल्यावर सासूबाईंसमोर तो एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि दुखणारी जागा दाखवली. त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हाडाला हाड घासतंय नि तू सैपाक करत होतीस व्हय गं?" आणि ह्यांच्यावर खेकसल्या, "दोन खुर्च्या आण. नवरा पाटावर नि बायको खुर्चीवर, बरं दिसंल का ते?"

"पण रीत..." हे पुटपुटले.

"रीत मी बघते. लेकीची आय हाय ना ती!"

लग्नाच्या दिवशी मी खुर्चीवर बसले, काठी मागे ठेवून. गुरुजींनी खूण केली. खाली लेकीचे हात, ह्यांचे हात, जावयाचे हात, आणि त्यांच्यावर माझ्या झारीतून पडणारी पाण्याची धार. खुबा दुखत होता, आजही दुखतो. पण किती महिन्यांनी मी चुळबुळ न करता, उठावंसं न वाटता बसले होते. मी देवाकडे औषधही मागितलं होतं आणि ते कुठे लावायचं तेही सांगितलं होतं. त्यानं माझं सांगणं बाजूला ठेवलं आणि माझी लेक माझ्या पुढ्यात ठेवली. आता हात जोडते तेव्हा फारसं काही सांगत नाही. धार संपेपर्यंत झारी तिरकी धरून ठेवायची, तेवढंच आपल्या हातात.