पेल्टन वकिलाचं आजचं पान

दयानंदच्या वडिलांना मुलगा वकील व्हायला हवा होता. झाला इंजिनियर, तोही सेफ्टीचा. म्हणजे इथे आखातात, रुसैलच्या आमच्या कारखान्यात ‘हेल्मेट घाला’ म्हणत लोकांच्या मागे फिरणारा. पण हौस कुठे जाते? अमेरिकेतल्या एका लायब्ररीच्या साइटवर त्याला एझ्रा पेल्टन नावाच्या, पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या वकिलाची डायरी सापडली आणि तो ती मराठीत आणायला बसला.

नियम त्याचाच: आजची तारीख असेल तेवढंच पान, पुढचं बघायचं नाही. सकाळी भाषांतर करायचा आणि आम्ही राहतो त्या अझैबाहून कामाला निघालो की गाडीत वाचून दाखवायचा. गाडी माझी. मी त्याच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, त्याच कारखान्यात सुपरवायझर आहे. आधी मी भरपूर चिडवलं. “काय वकीलसाहेब, आज कुणाची केस?” पण पेल्टनने हळूहळू मलाही धरून ठेवलं. पळून आलेल्या गुलामांचे खटले तो फुकट लढला, जिंकला, त्या नावावर निवडून आला. मग पक्षाने फर्मावलं, पळालेल्यांना मालकाच्या ताब्यात द्यायच्या कायद्याला मत दे. अख्खा नोव्हेंबर तो तळमळत होता.

त्याच दिवसांत कासमची तीन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली. कासम रत्नागिरीचा, माझ्या हाताखालचा कामगार, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हात आत जाऊ नये म्हणून असलेलं मशीनचं गार्ड मीच काढायला लावलं होतं, माल लवकर निघावा म्हणून. रिपोर्टात मात्र आलं, गार्ड कासमने स्वतः काढलं. त्यावर माझी आणि दयानंदची, अशा दोन सह्या झाल्या की कासमला दोषी ठरवून गावी धाडणार होते.

पेल्टनने मत दिलं असेल तर मलाही तेवढाच आधार, म्हणून बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी ती साइट उघडली. डायरी नऊ ऑगस्टला संपत होती. खाली टीप होती, लेखक त्याच दिवशी तापाने वारला. गेले साडेतीन महिने मी ऐकत होतो ती पानं तिथे नव्हतीच. दयानंद रचून सांगत असेल, असं मनाला समजावलं. पण ज्याला रजेचा अर्ज धड लिहिता येत नाही, तो काय रचणार?

तरी संध्याकाळी मी सही केली. महिनाअखेर माझा व्हिसा संपत होता, तो वाढवणं कंपनीच्या हातात, मी घाबरलो होतो. कुणाला काही बोललो नाही. दयानंदकडे रिपोर्ट गुरुवारी जाणार होता.

गुरुवारी सकाळी तो नेहमीसारखा बसला, पट्टा लावला, वही उघडली. ओळीवर बोट ठेवून वाचू लागला.

“मतदान आज आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्याने कालच सही देऊन टाकली. कुणाला कळलं नाही असं त्याला वाटतं. तो घाबरट आहे, वाईट नाही.”

सिग्नल लागला. मी ब्रेक दाबला.

“अश्विन,” दयानंदने साध्या आवाजात विचारलं, “हा शेजारचा कोण असेल रे?”

मागून हॉर्न वाजला. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं, “मी.”

दयानंदने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचं बोट खालच्या ओळीवर सरकलं आणि तो त्याच वाचायच्या सुरात म्हणाला, “मग गाडी वळव. आधी कासमकडे जाऊ.”